२२ एकरात रेसिंग ट्रॅक: आधी ओढा बघा, वळणं नंतर मोजू

परवा इथं एकानं प्रश्न टाकलाय, तो थोडक्यात असा. चिकोडी तालुक्यात हायवेपासून जरा आत घरची २२ एकर जमीन, काळं रान, सध्या ऊस उभा आहे. दोघं भाऊ, एक पुण्यात, दोघांनाही गाड्यांचं वेड. तिथं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटसारखा ३ किलोमीटरचा रेसिंग ट्रॅक करायचाय. वळणं किती ठेवू, ओळखीचा एक रोड कॉन्ट्रॅक्टर आहे तो करेल का, आणि मुळात जमेल का? सोबत गूगल मॅपवर लाल रेघेनं काढलेला नकाशा.

मी बेळगावचाच, रस्त्याच्या कामातला माणूस. तीसेक वर्षं डांबर, खडी, रोलर ह्यातच गेली, त्यात दोन गो-कार्टचे ट्रॅक आणि एका गाडीच्या कारखान्यातल्या टेस्ट ट्रॅकचा एक तुकडा एवढं हातून झालंय. एफ वनचा (फॉर्म्युला वन, मोटार शर्यतीतला सगळ्यात वरचा वर्ग) ट्रॅक मी केलेला नाही हे आधीच सांगतो. बुद्धला २०१३ ला एफ वनची रेस बघायला तिकीट काढून गेलेलो. त्या दिवशी जर्मन ड्रायव्हर व्हेटेलनं चौथं टायटल मारलं आणि गाडीतनं उतरून गाडीपुढं वाकून नमस्कार घातला, सगळं स्टँड उभं राहून ओरडत होतं आणि मी गटारांच्या जाळ्यांचे फोटो काढत होतो, बायको अजून त्यावरनं चिडवते.

तर तुमचा नकाशा मी झूम करून करून बघितला. रेघ सुंदर आहे, उगाच नाही म्हणत. खरं त्या रेघेत एक गोष्ट आहे जी बघून मला झोप लागली नाही. तुमची सगळ्यात लांब सरळ, अंदाजे ४०० मीटरची, ती थेट ओढ्याकडं जाते आणि ओढ्याच्या अलीकडं साधारण २५ मीटरवर वळते.

तुम्ही विचारलंय वळणं किती. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, वळण चुकलेली गाडी कुठं जाऊन थांबणार हा. ट्रॅकचं डिझाईन बाहेरून आत येतं. आधी जमीन, मग पाणी, मग चुकलेल्या गाडीची जागा, आणि हे सगळं जमल्यावर उरलेल्या जागेत डांबराची काळी पट्टी बसते. आपण सगळेच उलटं करतो, आधी पट्टी काढतो कारण तीच काढायला मजा येते.

आधी आकडेमोड करू, सोपी आहे. २२ एकर म्हणजे साधारण ८९ हजार चौरस मीटर. मॅपवरनं तुमचं रान ४५० मीटर लांब आणि २०० रुंद दिसतंय. ३ किलोमीटर ट्रॅक, रुंदी १२ मीटर धरली (एफआयए म्हणजे मोटार शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमात नवीन सर्किटला कमीत कमी तेवढीच लागते, स्टार्टच्या जागी १५), तर नुसतं डांबरच ९ एकर खाणार. उरलं १३ एकर, म्हणजे भरपूर, असं वाटतं ना? आता ८९ हजाराला ३ हजारानं भागा. ट्रॅकच्या प्रत्येक मीटरमागं ३० मीटर रुंदीची पट्टी वाट्याला येते. त्यातले १२ डांबराचे, राहिले दोन्ही बाजूला ९-९ मीटर. आपल्याकडच्या ट्रॅक्टरला ट्रॉलीसकट वळायला ह्याहून जास्त जागा लागते.

आणि थांबायला किती लागते? ४०० मीटरच्या सरळीत मध्यम बाईकसुद्धा १५० च्या आसपास सहज जाते. १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. चांगल्या कोरड्या डांबरावर कचकचून ब्रेक मारला तर १०५ ते ११० मीटर लागतात. तीच गाडी ओल्या गवतावर गेली तर ब्रेक म्हणजे नावालाच, पावणेतीनशे-तीनशे मीटर जाईल. तुमच्याकडं आहेत २५, पुढं ओढा. ह्यात वेगाचा वर्ग येतो हे लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की अंतर चौपट, म्हणून "जरा जपून चालवू" ह्यानं भागत नाही.

ओढ्यावरनं आठवलं. १ मे १९९४, इटलीतलं इमोला, एफ वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना ज्या टँबुरेलो वळणावरच्या अपघातात गेला तिथं काँक्रीटची भिंत ट्रॅकच्या फार जवळ होती हे ड्रायव्हरांना माहीत होतं. सेना आणि दुसरा ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर दोघं मिळून ती भिंत मागं सरकवता येईल का बघायला चालत गेले होते. मागं बघितलं तर नदी, सँटेर्नो. जागाच नाही. बर्गरनं ही आठवण नंतर बऱ्याच वेळा सांगितलीय. पुढच्या वर्षी तिथं शिकेन घातली, म्हणजे मुद्दाम आडवं-तिडवं वळण टाकून गाडी आधीच हळू करायची. म्हणजे नदी हलत नाही, भिंत हलत नाही, तेव्हा वेग हलवायचा. तुमच्याकडंही हाच एक उपाय आहे, आणि तो कागदावरच करायचा असतो कारण कागदावर त्याला पैसे पडत नाहीत.

जुन्या काळी बाहेर पडलेल्या गाडीचा विचारच नव्हता. आपल्याकडच्या बैलगाडी शर्यती आठवा, माणसं दोन्ही बाजूला अगदी कासऱ्याच्या अंतरावर उभी, पोरं पुढं, गाडी आली की सगळे एक पाऊल मागं. मोटारींच्या शर्यती पण सुरुवातीला अशाच होत्या, सार्वजनिक रस्त्यावर, कडेला माणसं. १९५५ ला फ्रान्समधल्या ल मान्सला एक गाडी उडून गर्दीत गेली आणि ८० च्या वर माणसं मेली, तेव्हा कुठं प्रेक्षक आणि ट्रॅक ह्यांच्यामधल्या जागेबद्दल सगळ्या जगाचे डोळे उघडले. १९६६ ला बेल्जियममधल्या स्पाला ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट पावसात बाहेर गेला, वाकड्या गाडीत पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि त्याला सोडवायला पाना लागला तो एका प्रेक्षकाच्या गाडीतनं आणला. तिथनं पुढं हा माणूस सेफ्टीच्या मागं असा लागला की आयोजक वैतागले, आणि आज आपण रन-ऑफ (चुकलेल्या गाडीसाठी सोडलेली जागा), टायरची भिंत, ट्रॅकवरचा डॉक्टर हे जे गृहीत धरतो त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

रन-ऑफमध्ये पण दोन पंथ आहेत. एक खडीचा, दुसरा डांबराचा. खडीत गाडी रुतून थांबते, पण आडवी गेली तर उलटू शकते. डांबरावर ड्रायव्हरला ब्रेक लागतो, सावरता येतं, पण मग शिक्षा काहीच नाही म्हणून सगळे मुद्दाम बाहेरनं जातात. २०२३ ला ऑस्ट्रियाच्या रेसमध्ये पांढऱ्या रेघेबाहेर गेल्याच्या १२०० च्या वर नोंदी तपासायला आल्या होत्या, पंच रात्रीपर्यंत तेच करत बसले, आणि पुढच्या वर्षी तिथं शेवटच्या वळणांना खडीची पट्टी घातली. खडी घालायची तर साधारण २५ सेंटिमीटर खोल, ५ ते १६ मिलिमीटरची, आणि गोल पाहिजे. इथंच आपल्याकडं फसतं. क्रशरची खडी टोकदार असते, ती एकमेकांत बसते, दोन पावसाळ्यात चिखल भरला की रस्त्यासारखी टणक होते आणि गाडी तिच्यावरनं घसरत जाते. नदीतल्या गोट्यासारखी गोल लागते आणि वर्षातनं दोनतीनदा नांगरून भुसभुशीत करावी लागते. शेतकऱ्याला हे सांगायला नको.

बाईक आणि कार ह्यांची गरज वेगळी हेही नकाशात दिसलं नाही. कारला टायरची भिंत म्हणजे उशी. बाईकवाल्याला तीच भिंत जवळ असली की घात, कारण तो गाडीपासून सुटून अंगावर घसरत येतो. त्याला नुसती मोकळी जागा पाहिजे, बाकी काही नको.

आता माती. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण तुमचं काम इथंच उभं राहील नाहीतर इथंच झोपेल.

तुमचं रान काळं. मे महिन्यात ऊस काढलेल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना? तीच माती जुलैत फुगते. ओली झाली की फुगणार, वाळली की आक्रसणार, दरवर्षी, न चुकता. पिकाला हे चांगलं, डांबराला वाईट. रस्ता असेल तर गाडी जरा आदळते, लोक शिव्या देतात, पुढं जातात. ट्रॅकवर त्याच उंचवट्यावर बाईक वाकलेली असते, चाकाचा तळहाताएवढा तुकडा जमिनीला टेकलेला असतो, तिथं दीडदोन सेंटिमीटरचा उंचवटा म्हणजे माणूस खाली.

हे फक्त आपलंच रडगाणं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या ऑस्टिनचं सर्किट, २०१२ ला एफ वनसाठी नवंकोरं बांधलेलं, पहिल्या वळणाला ४० मीटरच्या आसपास चढ, बघायला डोळ्याचं पारणं फिटेल. खरं खालची माती आपल्याच काळ्या मातीची बहीण, फुगणारी. काही वर्षांत उंचवटे यायला लागले, घासून काढले, तुकडे बदलले, परत आले. २०२१ च्या मोटोजीपीला (बाईकची जागतिक शर्यत) रायडर उघड उघड बोलले की हे असं चालणार नाही, मग पुढच्या सीझनच्या आधी मोठे तुकडे परत करावे लागले. एवढा पैसा, एवढे इंजिनिअर, आणि माती जिंकली. आणि हे आजचं नाही, जगातला पहिला खास मोटारींसाठी बांधलेला ट्रॅक म्हणजे इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स, १९०७, काँक्रीटचा. भरावावरचं काँक्रीट कमीजास्त खचलं आणि गाड्या तिथं चारही चाकं हवेत घेऊन उडायच्या, त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. दोन वर्षांनी इंडियानापोलिस, तिथं खडी आणि डांबराचा थर पहिल्याच मोटार शर्यतींत उखडला, माणसं गेली, आणि त्याच वर्षी सगळा ट्रॅक ३२ लाख विटा लावून परत केला. आजही स्टार्टच्या रेघेला त्या विटांची एक पट्टी ठेवलीय.

चिनी लोकांनी शांघायला वेगळाच प्रकार केला. जागा दलदलीची, म्हणून खाली हजारो पाईल (जमिनीत खोल घातलेले खांब) आणि भरावात मातीऐवजी पॉलिस्टायरीनचे ठोकळे, म्हणजे आपला थर्माकोलच की, गणपतीच्या मखराचा. वजन नाही म्हणून खचत कमी. शांघाय, सेपांग, बहारीन, ऑस्टिन आणि आपलं बुद्ध, हे सगळे एकाच माणसाच्या ऑफिसातले, हर्मन टिल्के. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलेलं कोण आपला टिळक जर्मनीत जाऊन बसला की काय.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बेळगावच्या पूर्वेला, नाव-गाव सांगत नाही, एकानं कार्टचा ट्रॅक केला, ९०० मीटर. मी नंतर दुरुस्तीला गेलेलो. काळ्या मातीवर फूटभर मुरूम, त्यावर खडी, त्यावर डांबर, फेब्रुवारीत काम संपलं, एप्रिलमध्ये नारळ फुटला. पहिला पावसाळा गेला, काही नाही, मालक खुश. पुढच्या मे महिन्यात ट्रॅकच्या कडेपासून साधारण एक मीटर आत, कडेला समांतर, लांबच लांब भेग. पाच रुपयाचं नाणं उभं धरलं तर आत गेलं, वाजलंसुद्धा नाही. असं का होतं, तर डांबराखाली मधोमध ओलावा वर्षभर तेवढाच राहतो, तिथली माती गप्प बसते. कडेची माती मात्र ऊन-पाऊस खाते, ती वर-खाली होते, आणि जिथं गप्प माती आणि नाचणारी माती भेटतात तिथं डांबर फाटतं.

त्यात अजून एक मजा होती. एका बाजूच्या भेगा मोठ्या, दुसऱ्या बाजूला त्या मानानं काहीच नाही, पण तीच बाजू दोन बोटं वर उचललेली. मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो तर शेजाऱ्याचं उसाला पाणी चालू, पाट अगदी कुंपणाला लागून. एक बाजू बारमाही ओली, दुसरी बाजू कोरडी. ट्रॅक तिरका झालेला शेजाऱ्याच्या पाटानं! तुमच्याही तिन्ही बाजूला ऊसच आहे मॅपवर.

मग उपाय काय. काळी माती निदान एक मीटर काढायची, खाली गरज असेल तर चुना मिसळायचा, साधारण ३ ते ५ टक्के, नेमकं किती ते लॅबवाला सांगेल. त्यावर न फुगणारा चांगला मुरूम थर थर दाबून. डांबराच्या कडेबाहेर अजून दीड-दोन मीटर पाणी न शिरणारी पट्टी, म्हणजे तो माती नाचण्याचा खेळ ट्रॅकच्या बाहेर जाऊन चालतो. गटार कडेला चिकटवायचं नाही, लांब न्यायचं. आता हिशोब करा, ३ किलोमीटर गुणिले १२ मीटर गुणिले एक मीटर खोली, ३६ हजार घनमीटर माती बाहेर. टिप्परला १० धरले तरी ३६०० खेपा, आणि मुरूम आत आणायला परत तेवढ्याच. मुरूम कुठनं आणणार, किती लांबनं, तुमच्या बजेटचं उत्तर तिथं आहे, डांबरात नाही.

खानापूरकडं लाल जांभ्याची जमीन असती तर मातीचं एवढं झंझट नव्हतं. खरं तिकडं पाऊस असा की जून ते सप्टेंबर ट्रॅकवर बदकं फिरतील. सगळं एका ठिकाणी मिळत नाही.

पाणी. सरळीत ट्रॅकला आडवा उतार दीड ते तीन टक्के ठेवतात, हे कुठलाही रोड इंजिनिअर सांगेल. तो जे विसरतो ते असं, डावं वळण संपून उजवं सुरू होताना उतार एका बाजूकडनं दुसऱ्या बाजूला फिरतो, आणि फिरताना मधे कुठंतरी एक जागा अशी येते जिथं उतार शून्य. सपाट. पाणी तिथं बसतं. आणि नेमकी तीच जागा बाईक एका बाजूकडनं दुसऱ्या बाजूला पाडायची असते. म्हणून तिथं ट्रॅकला लांबीच्या दिशेनं चढ किंवा उतार द्यायचा, पाणी आडवं जात नसेल तर उभं पळू दे. बुद्धची मूळ जागा सपाट होती, चढ-उतार माती टाकून तयार केलेत, लोकांना वाटतं ते फक्त थराराला. थरार आहेच, पण सपाट जमिनीवर पाणी काढणं किती अवघड ते मला विचारा. मी काम ताब्यात घ्यायच्या आधी टँकर बोलावतो, सगळ्या ट्रॅकवर पाणी सोडतो, वीस मिनिटं चहा पितो आणि मग खडू घेऊन जिथं डबकं राहिलंय त्याच्याभोवती रेघ मारत फिरतो. कॉन्ट्रॅक्टरला त्या दिवशी मी अजिबात आवडत नाही. मलेशियात २००९ ला पावसानं रेस अर्ध्यात थांबवून अर्धेच पॉइंट द्यावे लागले होते, त्यामुळं एवढं करूनही आभाळानं ठरवलं तर काही चालत नाही हेही खरं.

आता तुमचा ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर. मातीकाम, मुरूम, खडीचे थर हे तो करेल, कदाचित माझ्यापेक्षा स्वस्तात. वरचा शेवटचा थर त्याला देऊ नका, निदान एकट्याला. रस्त्यावर पेव्हर (डांबर पसरणारं मशीन) एक बाजू करून जातो, दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि मधे थंड सांधा राहतो. तो सांधा दोन वर्षांनी उघडतो. ट्रॅकवर दोनतीन पेव्हर एकमेकांच्या जरा मागं-पुढं एकाच वेळी चालवतात म्हणजे गरम डांबर गरम डांबराला भेटतं. तुमच्या ८-९ मीटर रुंदीला (तेवढीच ठेवा, कारण खाली सांगतो) एक मोठा पेव्हर पूर्ण रुंदी काढू शकतो, तसा भाड्यानं मिळतो का बघा. डांबर साधं नको, पॉलिमर घातलेलं. वळणावर टायर आडवं ओढतं, साधं डांबर उन्हाळ्यात लोण्यासारखं सरकतं.

दगडाचंही असंच. आपला काळा दगड मजबूत, त्यात वाद नाही. खरं मजबूत असणं आणि घासून घासून गुळगुळीत न होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यासाठी वेगळी टेस्ट असते. बहारीन आणि अबूधाबीच्या ट्रॅकचा वरचा दगड इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या खाणीतनं जहाजानं नेलेला, वाळवंटात दगड नव्हता म्हणून नाही, पाहिजे तसा नव्हता म्हणून. तुम्हाला जहाज नको, दोनतीन खाणींचे नमुने टेस्टला द्या म्हणजे झालं. आणि डांबर झालं की लगेच उद्घाटन नको. कोरियाच्या येओंगामला २०१० ला शेवटची तपासणी रेसच्या दोन आठवड्यांच्या आत झाली, डांबर ताजं, त्यात पाऊस, रेस सेफ्टी कारमागं (सगळ्यांच्या पुढं हळू चालणारी गाडी) सुरू करून थांबवावी लागली. इस्तंबूलला २०२० मध्ये पण तसंच, नव्या डांबराचं तेल वर आलेलं, जगातले सगळ्यात भारी ड्रायव्हर बर्फावर चालल्यासारखे घसरत होते. तुम्ही दोन-तीन महिने मोकळे ठेवा.

वळणांच्या आकड्याचं म्हणाल तर बुद्धला १६ आहेत, ५.१२५ किलोमीटरमधे, आणि त्याला जागा लागली ८७५ एकर, त्यात स्टँड, पार्किंग सगळं आलं. आकड्यात काही नाही. ओव्हरटेकिंग कुठं होतं? हळू वळण, मग लांब सरळ, मग परत हळू वळण, ह्या तिघांच्या जोडणीत. बुद्धला तिसरं वळण, मग एक किलोमीटरच्या वरची सरळ, मग चौथं, हेच केलंय, आणि वळणाचं तोंड रुंद ठेवलंय म्हणजे आत घुसायला दोन-तीन वाटा मिळतात. छोट्या जागेत असं एकच ठिकाण नीट साधलं तरी पुष्कळ. बाकीची वळणं ड्रायव्हरला शिकवायला.

मी तुमच्या जागी असतो तर १ ते १.२ किलोमीटरचा कार्ट आणि छोट्या बाईकच्या ट्रेनिंगचा ट्रॅक केला असता, ८-९ मीटर रुंद. परत तोच भागाकार करा, ८९ हजार भागिले ११०० म्हणजे मीटरमागं ८१ मीटरची पट्टी, दोन्ही बाजूला ३५ च्या वर मोकळे. ८० च्या वेगातली कार्ट डांबरावर ३० मीटरच्या आसपास थांबते. बघा, तीच जमीन अचानक पुरायला लागली. मुख्य सरळ दोनशे मीटरची, ओढ्याला समांतर, ओढ्याकडं तोंड करून नाही, आणि ओढा आणि ट्रॅकच्या मधे पार्किंग सोडून काहीही चालेल. सरळ पश्चिमेकडं पण नको, संध्याकाळी साडेपाचला सूर्य थेट हेल्मेटमधे येतो.

त्याच्याही आधी, अगदी खरं सांगायचं तर, दोन वर्षं नुसता मातीचा ट्रॅक करा, अर्ध्या रानात, बाकी अर्ध्यात ऊस राहू दे. मोटोक्रॉस. मुरूम टाकून उड्या तयार करायला जेसीबी दोन आठवडे पुरे, गर्दी येते का, पोरं पैसे देतात का, शेजारी आवाजाला काय म्हणतात, म्हशी दूध देतात का, सगळं कळेल, आणि नाही जमलं तर परत नांगर घालता येतो. डांबरावर ऊस येत नाही. तुमचा पुण्यातला भाऊ ह्याला नाक मुरडेल, मुरडू दे.

परवानगीचं थोडक्यात. जमीन शेतीची आहे तर एनए (बिगरशेती) करून घ्यावी लागेल, डीसी ऑफिस. रेस भरवायची असेल तर एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटार शर्यतींची संघटना, तिच्याकडनं ट्रॅकची तपासणी, आणि ते लोक कागदावरचा नकाशा बघायला तयार असतात, म्हणून बांधून झाल्यावर नको, आधीच दाखवा. एक गोष्ट मात्र कुठल्या नियमाच्या पुस्तकात सापडणार नाही. तुमचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, आणि कारखान्याचा गाळपाचा सीझन पण तोच. त्या दिवसात तुमच्या गावच्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या एकामागं एक उभ्या असतात. अँब्युलन्स बाहेर कशी काढणार? त्यासाठी दुसऱ्या बाजूनं रस्ता आहे का, नसेल तर पाणंद आहे का, तिच्यावरनं गाडी जाते का, हे बघितल्याशिवाय एकाही पोराला गाडीवर बसवू नका.

आता ह्या आठवड्यात दोन कामं करा, दोन्हीला पैसे लागत नाहीत. रानाच्या तीन कोपऱ्यातनं, दोन-तीन फूट खालची माती आणा, वाळवून बारीक चाळून घ्या. कॉलेजच्या लॅबमधनं १०० मिलीची दोन मोजपात्रं मागून आणा, ओळखीचं इंजिनिअरिंगचं पोरगं असेलच. दोन्हीत १०-१० ग्रॅम माती, एकात पाणी, एकात रॉकेल, नीट ढवळून बुडबुडे घालवा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही. समजा रॉकेलात १० मिलीवर बसली आणि पाण्यात १८ वर, तर माती ८० टक्के फुगते. ५० च्या वर गेली की रस्त्याच्या भरावातसुद्धा ती चालत नाही, ट्रॅक लांबच. तिन्ही कोपऱ्यांचे आकडे वेगवेगळे आले तर उलट चांगलं, ट्रॅक कुठल्या बाजूला सरकवायचा ते कळेल.

दुसरं, ओढ्याच्या वरच्या अंगाला जे कोण सगळ्यात म्हातारे असतील त्यांना विचारा, २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर आलेलं. बांध दाखवतील, नाहीतर झाड दाखवतील. तिथं खुंटी मारा, फोटो काढा आणि तुमच्या त्या लाल रेघेच्या नकाशावर खूण करून इथंच टाका.